सगळ्या लाल गाड्या सारख्या नसतात
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या जिल्ह्यात विद्यार्थ्याची आणि एस. टी.ची गाठ रोजची. नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा ही इथली चार आगारे. खेड्यातून येणारा मुलगा यांतल्याच एखाद्या आगाराच्या गाडीत उभ्याने बी. ए. होतो. तरीसुद्धा "कोणत्या गाडीने आलास?" असे कुणी विचारले, तर उत्तर येते, "लालने." लाल म्हटले की झाले! या लाल गाड्या एकमेकींपासून ओळखाव्यात कशा, ते येथे सांगण्याचा विचार आहे. कुणाला हा रिकामटेकडा उद्योग वाटेल. पण आमच्या घरी तो तिकिटाच्या पैशाचा प्रश्न आहे, हे पुढे कळेलच.

प्रथम मूळ गोष्ट. बस एका ठिकाणी जन्माला येत नाही. इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि त्यांना धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा म्हणजे चासी. ती टाटा किंवा अशोक लेलँडच्या कारखान्यातून येते. नवापूर-विसरवाडी हायवेवर ट्रकच्या किंवा बसच्या अशा उघड्या चासी कधीमधी जाताना दिसतात. ना छप्पर, ना दार. तोंडाला रुमाल गुंडाळून ड्रायव्हर आपला नुसत्या बैठकीवर बसलेला. या चासीवर पत्र्याचे घर चढविण्याचे काम एस. टी. महामंडळ वर्षानुवर्षे आपल्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत करीत आले. एक पुण्याजवळ दापोडीला, दुसरी चिकलठाण्याला म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, तिसरी नागपूरजवळ हिंगण्याला. म्हणजे प्रत्येक गाडीला एक आई आणि एक दाई! आई लेलँड की टाटा, हे स्टिअरिंगच्या मधल्या बटणावरच्या खुणेवरून समजते. जुने ड्रायव्हर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतात. मला अजून तो कान आलेला नाही.

दाई कोण, हे सांगणारी खूण सर्वांच्या डोळ्यांसमोर असते आणि तरीही कुणी पाहत नाही. ती म्हणजे नंबराची पाटी. आपल्या जिल्ह्याचा क्रमांक एमएच-३९. मोटारसायकली, ट्रॅक्टर, काळ्यापिवळ्या जीपगाड्या, सगळ्यांवर तोच. पण आपल्याच आगाराच्या लाल गाडीवर तो बहुधा सापडत नाही. कारण गाडी जिथे बांधली, तिथल्याच कार्यालयात तिची नोंदणी झालेली असते. दापोडीची गाडी एमएच-१४, चिकलठाण्याची एमएच-२०, हिंगण्याची एमएच-४०. त्याहून जुन्या असतील, तर दापोडीच्या एमएच-१२ आणि नागपूरच्या एमएच-३१. स्टँडवर अर्धा तास गाडीची वाट पाहावी लागली (आणि ती लागतेच), तर पाट्या वाचून पाहा. उभ्या महाराष्ट्राचा नकाशा समोर उभा राहतो. अलीकडे काही गाड्या कंपनीतूनच पूर्ण बांधून येतात. त्यांना हा ठोकताळा लावू नये.

आता अंगाकडे वळू. जुन्या लाल गाडीचे अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. पत्रा आतल्या चौकटीला रिबिटांनी ठोकलेला असतो. त्यामुळे खिडक्यांखालून बटणांच्या ओळी गेल्यासारख्या दिसतात. हात फिरवला तर एकेक रिबिट बोटाला लागते. खराब रस्त्यावर हीच रिबिटे सैल होतात आणि मग तो प्रसिद्ध खडखडाट सुरू होतो. ॲल्युमिनियम हलके आणि न गंजणारे खरे, पण धडक बसली की चुरगळते. म्हणून २०१८ च्या सुमारास महामंडळाने पोलादी बांधणी हाती घेतली. विठोबाचे चित्र अंगावर असलेली 'विठाई' त्याच वर्षी आली. पोलादी गाडीचे अंग गुळगुळीत असते आणि रिबिटांच्या रांगा दिसत नाहीत. दुरून पाहिले तरी ती अंगाने भरल्यासारखी वाटते.

इथे एक गंमत आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. पोलादी दिसणारी प्रत्येक गाडी नवी नसते. महामंडळाने पुष्कळ जुन्या चासींवरचे ॲल्युमिनियम उतरवून त्यांच्यावरच पोलादी घर चढविले. घर बदलले, पण नोंदणीचा नंबर चासीबरोबरच राहिला. तेव्हा गुळगुळीत, चकचकीत गाडी दिसली तर तिच्या पाटीवरील इंग्रजी अक्षरे शेजारच्या रिबिटवाल्या गाडीशी ताडून पाहावीत. अक्षरे तीच निघाली तर समजावे, की दोघी एका वयाच्या आहेत, फक्त एकीने नवे लुगडे नेसले आहे. रंग पाहून माणूस फसतो. नंबर फसवीत नाही.

हा छंद केवळ आपल्याकडचा नव्हे. लंडनच्या दोन मजली बसगाड्यांत 'आरटी' नावाचा एक प्रकार होता. चासी एकाच नमुन्याची, घरे निरनिराळ्या कारखान्यांची. क्रेव्हन्स या कारखान्याने त्यांतल्या १२० गाड्या बांधल्या. इतर आरटीच्या खालच्या मजल्यावर एका बाजूला चार मोठ्या खिडक्या, तर क्रेव्हन्सच्या गाडीला पाच. बाकी रंगरूप तेच. पण खिडक्या मोजणाऱ्यास त्या लगेच सापडत. इतर गाड्यांशी त्या जुळत नाहीत, म्हणून लंडनने त्या लवकरच विकून टाकल्या. मुंबईच्या बेस्टने दोन मजली बस १९३७ साली सुरू केली. तिची शेवटची डिझेलवरची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली. आता तिथे विजेवरच्या दोन मजली गाड्या आहेत. आपल्याकडच्या रिबिटवाल्या गाड्यांचेही दिवस भरत आले आहेत. १५ वर्षांवरील सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा केंद्र सरकारचा नियम आहे. तेव्हा ज्यांना त्या ओळखायला शिकायचे आहे, त्यांनी उशीर करू नये.

आता पैशाचा प्रश्न. हिरव्या-पांढऱ्या रंगाची ती निमआराम 'हिरकणी'. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांवरून तिला जुनी माणसे अजून 'एशियाड' म्हणतात. तिचे भाडे जास्त. विद्यार्थ्याचा पास साध्या गाडीचा, तेव्हा तिच्यात बसण्याच्या फंदात पडू नये. रंग वेगळा असल्याने इथे चूक होत नाही. खरी पंचाईत होते ती गुजरातच्या गाडीची. नंदुरबार आणि नवापूरच्या स्टँडवर दोन्ही राज्यांच्या गाड्या शेजारी शेजारी लागतात. सुरतेकडे जाणारी त्यांची गाडीही नवापूरवरूनच जाते. तिच्यातही लाल रंग असतो आणि तिलाही लोक एस. टी.च म्हणतात. परंतु आपल्या एस. टी.त २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढील माणसास राज्याच्या हद्दीत तिकीट नाही, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे आहे. गुजरातच्या गाडीत महाराष्ट्राची ही सवलत चालत नाही. पूर्ण भाडे मोजावे लागते.

माझ्या आजीने पंचाहत्तरी ओलांडली आहे. तिची लेक नवापूरला दिली आहे आणि आजीला अक्षर येत नाही. तिला पाटी कशी वाचता येणार? मी तिला आधी नंबर शिकवू पाहिला. गुजरातच्या एस. टी. गाड्यांची नोंदणी गांधीनगरची, म्हणून त्यांच्यावर जीजे-१८ असते. ते तिला जमेना. मग तिनेच मला स्वतःची खूण सांगितली. आपल्या गाडीवरच्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते, जणू दोरीवर कपडे वाळत घातले आहेत. त्यांच्या अक्षरांना रेघ नसते, सगळी मोकळी सुटलेली. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते, हे मी शाळेत शिकलो होतो. पण बस ओळखायला ते उपयोगी पडेल, असे मला कधी सुचले नव्हते. आजी आता काचेमागच्या पाटीकडे बघते, दोरी दिसली तरच पायरीवर पाय ठेवते, आणि कंडक्टरला वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड दाखवते.