मोसमी वाऱ्यांचं शहर : पावसात पाहावं असं संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगरला येणारे पाहुणे बहुतेक थंडीचे महिने निवडतात. श्रावण-भाद्रपदात कुणी आलंच आणि झड लागली, तर ते खोलीत बसून खिडकीबाहेर पाहत राहतात, बेत फुकट गेला म्हणून हळहळतात. मला मात्र मनापासून वाटतं, की हे शहर समजून घ्यायला पावसाळ्यासारखा काळ नाही. इथं पाहण्यासारखं जे आहे, त्यातलं बरंचसं पावसाच्या हिशेबानंच उभं राहिलेलं आहे. डोंगरातली लेणी पावसाळ्यात भिक्खूंना एका जागी राहता यावं म्हणून कोरली गेली. शहराचे नहर डोंगरात मुरलेल्या पाण्यावर चालले. आणि समुद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत असलेल्या या मुलखाला ज्या व्यापारानं वैभव दिलं, तो मोसमी वाऱ्यांवर शिडं उभारून येणाऱ्या जहाजांचा व्यापार होता.

पावसाचा धाकही फार बाळगायला नको. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला प्रदेश. वर्षाची सरासरी साधारण ७०० मिलिमीटर, म्हणजे कोकणाच्या चौथाईच्या आसपास. एखादा दिवस जोरदार कोसळतो, पण एरवी रिपरिप, मध्ये उघडीप, पुन्हा सर, असं चालतं. सरीत आडोसा आणि उघडिपीत प्रवास, एवढं जमवलं की दोन-तीन दिवस सहज सत्कारणी लागतात.

लेण्यातलं जहाज

सुरुवात शहराला लागून असलेल्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांपासून करावी. वेरूळ-अजिंठ्याच्या घाईत बहुतेक लोक त्यांना वगळतात. बीबी का मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाच्या उत्तरेला डोंगराच्या कुशीत ही बारा बौद्ध लेणी आहेत. चौथ्या क्रमांकाचं चैत्यगृह सर्वांत जुनं, सातवाहनांच्या काळाकडे नेणारं. बाकीची बहुतेक पाचव्या ते सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुषांचे जवळजवळ माणसाच्या उंचीचे पुतळे आहेत. त्यांचे केशसंभार, दागिने आणि जोडलेले हात अगदी जवळून पाहता येतात.

पण पावसात आवर्जून थांबावं ते सातव्या लेण्याच्या ओसरीत. तिथल्या भिंतीवर अवलोकितेश्वराची उंच मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार लहान चौकटी. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेली माणसं हात जोडून त्याचा धावा करताहेत. आग, तलवार उगारलेला दरोडेखोर, बेड्या, सिंह, साप, हत्ती, मृत्यू आणि बुडतं जहाज, अशी ही आठ भयं. ज्या डोंगरावरून समुद्र कधी दिसला नाही, तिथल्या दगडात जहाजबुडीची भीती कोरलेली आहे. ही भीती या रस्त्यांवरून ये-जा करणाऱ्या आणि लेण्यांना दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची होती. त्यांचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरून बंदरावर जायचा आणि पुढे वाऱ्याच्या हवाली व्हायचा. रस्त्यात चोर, रानात श्वापदं, समुद्रात वादळ, हे सगळं त्यांच्या रोजच्या धंद्यातलं होतं. अजिंठ्याला आणि मुंबईजवळच्या कान्हेरीलाही अवलोकितेश्वराचं हे रूप भेटतं. व्यापारी वाटांच्या कडेनं ते जागोजागी का दिसतं, याचं उत्तर त्या आठ चौकटींतच आहे.

याच लेण्याच्या गाभाऱ्यात नृत्याचं एक शिल्प आहे. मधोमध नर्तकी, दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या सहा स्त्रिया. उजेड कमी असतो, म्हणून सोबत विजेरी ठेवावी आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं.

ही लेणी कुणासाठी, हे समजायला वर्षावासाची परंपरा माहीत हवी. भिक्खूंनी एरवी गावोगाव फिरत राहायचं, पण आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी मुक्काम करायचा, असा संघाचा नियम. पावसाळ्यात रानातून चालताना कोवळे अंकुर आणि लहान जीव पायांखाली येतात, वाटाही धोक्याच्या होतात. सुरुवातीला हा आडोसा तात्पुरता असे. पुढे दान वाढलं, कारागीर मिळाले आणि डोंगर कोरून कायमचे विहार झाले. आत झोपायला दगडी ओटे, बाहेर पाण्याची टाकी, अशी पावसाळ्याची पुरती सोय झाली. ही परंपरा संपलेली नाही. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांमधल्या विहारांत वर्षावासाच्या काळात आजही ग्रंथवाचन चालतं.

बंदर दूर, व्यापार जवळ

जहाजांचा हा धागा पुढे न्यायचा असेल, तर लेण्यांवरून उतरून विद्यापीठाच्या परिसरात यावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या संग्रहालयात पैठण, भोकरदन अशा जुन्या ठिकाणांहून मिळालेल्या वस्तू आहेत. शेजारीच सोनेरी महाल. सतराव्या शतकात बुंदेल्या सरदारानं बांधलेल्या या वास्तूत राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. सर लांबली तरी दोन्हीकडे वेळ चांगला जातो.

इथल्या वस्तू नीट वाचायला थोडी पार्श्वभूमी हवी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं तिच्यात नोंदवलेलं आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचला जात असे. तांबड्या समुद्राकडून निघणारी जहाजं जुलैच्या सुमारास शिडं उभारत, नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन अरबी समुद्र ओलांडत आणि पावसाचा जोर ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागत. हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत जात. म्हणजे ज्या वाऱ्यानं इथल्या शेतात पाऊस आणला, त्यानंच इथल्या बाजारपेठेत गिऱ्हाईकही आणलं.

सातवाहन राजांनी आपल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज छापलं, ते उगाच नव्हे. आणि हा व्यापार किती दूर पोहोचला, याचा पुरावा इटलीत मिळाला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या घडणीशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन इथं सापडल्या आहेत. भोकरदन जालना जिल्ह्यात आहे. एसटीनं काही तासांत पोहोचता येणाऱ्या तालुक्याच्या गावाची कारागिरी रोमन साम्राज्यातल्या एका घरात नांदत होती, ही गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

समुद्र ओलांडून आलेला नगररचनाकार

दुपारी पाणचक्की गाठावी. पण आधी मलिक अंबरची ओळख करून घ्यावी, कारण हे शहर त्याचं आहे. इथियोपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदादमार्गे समुद्र ओलांडून दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० साली खडकी या गावाच्या जागी त्यानं नवं शहर वसवलं. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारलेला भडकल दरवाजा आजही वाहतुकीच्या मधोमध उभा आहे. अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

कमी पावसाच्या प्रदेशात एवढं शहर वसवायचं, तर पाण्याचं काय, हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता. त्यानं उत्तर शोधलं ते नहर-ए-अंबरीत. उत्तरेकडच्या डोंगरउतारांवर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. ते झिरपणारं पाणी भूमिगत बोगद्यांत गोळा करायचं आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं. पाणी जमिनीखालून वाहत असल्यानं उन्हानं आटत नाही आणि सहज घाण होत नाही. वाटेत जागोजाग उभारलेल्या मनोऱ्यांमुळे पाण्याचा दाब आटोक्यात राहतो. पुढे याच पद्धतीनं शहरात आणखी नहर झाले.

पाणचक्कीला हे तंत्र डोळ्यांनी दिसतं. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंचावरून हौदात पडतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. मोठ्या हौदाखाली खांबांवर तोललेलं एक दालन आहे. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. डोक्यावर पाण्याचा एवढा भार आणि खाली बसायला थंड, कोरडी जागा. नहरांचे मनोरे आणि चेंबर शहराच्या वाढीत झपाट्यानं नाहीसे होत आहेत, ही मात्र दुःखाची गोष्ट आहे. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहरानं चारशे वर्षांपूर्वीची ही यंत्रणा जिवापाड जपायला हवी.

इथून बीबी का मकबरा जवळच आहे. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिच्या या कबरीच्या दरवाजावरच्या नोंदीत अताउल्ला आणि हंसपतराय ही बांधणाऱ्यांची नावं आहेत. पाऊस आला तर घुमटाखाली जाळीजवळ थांबावं आणि खालची कबर पाहावी. बाहेरचा चौथरा ओला असताना घसरतो, तिथं सांभाळून चालावं.

वेरूळ आणि अजिंठा

शहरापासून ३० किलोमीटरवरच्या वेरूळला एक अख्खा दिवस द्यावा. ३४ लेण्यांपैकी पावसात कोणती, हे आधीच ठरवून जावं. दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृहात, लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्यांच्या छताखाली कितीही वेळ बसता येतं. बाराव्या, तीन मजली लेण्यात मुसळधार पावसाचाही थेंब अंगावर येत नाही. सोळावं लेणं, म्हणजे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं कैलास, वरून खाली कोरलेलं आहे. त्याचा चौक उघडा आहे, पण तिन्ही बाजूंनी कड्यात खोदलेल्या ओवऱ्यांमधून देवतांची शिल्पं पाहत पूर्ण प्रदक्षिणा होते. त्याच चौकात गंगा, यमुना, सरस्वती या नद्यांचं देवालय आहे, ते चुकवू नये. २९ व्या, डुमार लेण्याजवळ पावसाळ्यात ‘सीता की नहाणी’चा धबधबा कोसळतो. हिवाळी पाहुण्यांना तिथं फक्त काळा कडा दिसतो.

अजिंठा सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. वाघोरा नदी भरून वाहत असते आणि दरीच्या टोकाला सप्तकुंडाचा धबधबा असतो. इथंही जहाजं आहेत, आणि रंगीत. दुसऱ्या लेण्यात पूर्णाची कथा चितारलेली आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याचा व्यापारी. तो भिक्खू होतो. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार जातो आणि जहाज वादळात सापडतं. तेव्हा पूर्ण ध्यानाच्या बळावर तिथं प्रकटून सगळ्यांना वाचवतो आणि त्या चंदनातून सोपाऱ्याला बुद्धासाठी मंडप उभा राहतो. चित्रातलं जहाज नीट पाहावं. उंच नाळ, तीन डोलकाठ्या, त्यांवरची उभी शिडं, सुकाणूचं वल्हं आणि रचून ठेवलेले रांजण. पाचव्या शतकातलं जहाज कसं दिसायचं, हे सांगणारी इतकी तपशीलवार चित्रं फार थोडी उरली आहेत. सतराव्या लेण्यात सिंहल या व्यापाऱ्याची कथा आहे. जहाज फुटून तो राक्षसिणींच्या बेटावर अडकतो आणि उडत्या घोड्यावरून सुटतो.

ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत आणि ओल हा त्यांचा शत्रू आहे. म्हणून निथळती छत्री बाहेर ठेवावी, भिंतीला हात लावू नये, फ्लॅश वापरू नये.

संध्याकाळ आणि सावधगिरी

दिवसभर भिजून आल्यावर शहरात हिमरूचा माग पाहावा. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचं हे विणकाम तुघलकानं राजधानी देवगिरीला हलवली तेव्हापासून इथं आलं, असं विणकर सांगतात. पैठणीचे माग पाहायला पैठण गाठावं. पोटासाठी जुन्या शहरातला नान-खलिया आहेच. मांस न खाणाऱ्यांना रस्त्याकडेच्या शेगडीवर भाजलेलं मक्याचं कणीस पुरे.

काही गोष्टी मात्र पावसात टाळाव्यात. देवगिरी किल्ल्याची अंधारी आणि वरच्या पायऱ्या ओल्या असताना चढू नये, तटाखालचा भाग आणि चाँद मिनार पाहून परतावं. पितळखोरे सुंदर आहे, पण तिथं दरीत उतरावं लागतं. नाला वाहत असेल तर तो बेत पुढे ढकलावा. म्हैसमाळला धुक्यात गाडी सावकाश चालवावी. धबधब्याच्या कड्यावर फोटोसाठी जाऊ नये. जायकवाडीचे दरवाजे उघडले असतील, तर गोदापात्राकडे फिरकू नये.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. एवढं लक्षात ठेवून येत्या श्रावण-भाद्रपदात मुलाबाळांना घेऊन या. हवामानाचा अंदाज जरूर पाहा, पण तो पाहून बेत रद्द करू नका, फक्त क्रम बदला.