डाखकाम व त्यासाठी योग्य उपकरणाची निवड

कथिलयुक्त मिश्रधातू वितळवून दोन धातूंचे भाग जोडण्याच्या क्रियेस डाख देणे अथवा सोल्डरिंग असे म्हणतात. जोड कच्चा राहिला म्हणजे दोष बहुधा डाखास दिला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा उपकरणाच्या निवडीत असतो.

येथे एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. सोल्डरिंग आयर्नवरील वॅटचा आकडा तपमान दर्शवीत नाही. उष्णता किती वेगाने पुरविली जाईल, हे तो दर्शवितो. ६० टक्के कथिल व ४० टक्के शिसे असलेला डाख सुमारे १९० अंश सेल्सिअसला पूर्णपणे वितळतो, आणि २५ वॅटचे साधे आयर्नदेखील त्याहून कितीतरी अधिक तापते. तरीही त्याने जाड पत्र्यास तार जोडू गेल्यास पत्रा उष्णता ओढून घेतो व डाख त्यावर न पसरता गोळा होऊन बसतो. असा जोड वरून धरलेला दिसतो, परंतु थोड्याशा हिसक्याने सुटतो. उलटपक्षी, १०० वॅटचे आयर्न रेडिओच्या छापील मंडलावर क्षणभर अधिक टेकले तर तांब्याची पट्टी पाटीपासून उचलली जाते.

यास्तव छापील मंडलासाठी १५ ते ३० वॅटचे, तर जाड तारा व टर्मिनलांसाठी ६० ते १०० वॅटचे आयर्न घ्यावे. शिसेरहित डाख सुमारे २२० अंशांस वितळत असल्याने त्याकरिता तपमान-नियंत्रित आयर्न अधिक सोयीचे. नाजूक सुट्या भागांचे काम असल्यास आयर्नला अर्थिंग असलेच पाहिजे. घोडा दाबताच तापणारी सोल्डरिंग गन तारांच्या किरकोळ दुरुस्तीस ठीक. छापील मंडलापासून ती दूर ठेवणे बरे.

टोकाकडे कारागिरांचे सहसा दुर्लक्ष होते. सुईसारख्या टोकापेक्षा छिन्नीच्या आकाराचे टोक उष्णता चांगली पोहोचविते. साधे तांब्याचे टोक झिजल्यास कानशीने घासता येते. लोखंडाचा मुलामा असलेल्या टोकास मात्र कानस लावू नये, ओल्या स्पंजने पुसावे.

डबे, नरसाळी इत्यादी पत्राकामास शेगडीवर तापवावयाचे जाड तांब्याचे हत्यार आजही उपयुक्त आहे, कारण त्याच्या वजनातच उष्णतेचा साठा असतो. तांब्याच्या नळांस ब्लोलॅम्प हवा. पत्राकामात वापरले जाणारे झिंक क्लोराइड विद्युत् जोडांवर वापरल्यास तारा गंजतात. तेथे राळच हवी.

पिण्याचे पाणी वा अन्न ज्यात राहावयाचे, त्या भांड्यास व नळास शिसेयुक्त डाख कदापि देऊ नये. शिसे अन्नात उतरते व लहान मुलांस विशेष अपायकारक ठरते. चुलीवर चढणाऱ्या भांड्याचा जोड तर कोणत्याही मऊ डाखाने टिकावयाचा नाही. पाणी आटताच तो वितळेल. तेथे ४५० अंशांहून अधिक तपमानाचे ब्रेझिंग करावे लागते, आणि ते आयर्नचे काम नव्हे.