आधी राब, मग आवण
लहान मुलांना गोष्टीचा क्रम आणि नवे शब्द एकाच वेळी कसे शिकवावेत

मुंबई-गोवा महामार्ग महाडजवळच्या नाते खिंडीत सोडला की रस्ता रायगडाकडे वळतो आणि वाटेत नाते गाव लागते. माजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव म्हणून हे गाव राज्याला ठाऊक आहे. इथल्या चार वर्षांच्या मुलाला मात्र गाव ठाऊक असते ते भाताच्या खाचरांसाठी. त्याला ‘भात कुठून येतो?’ असे विचारले तर ‘शेतातून’ एवढेच उत्तर मिळेल. ‘आधी काय करतात? मग काय?’ असे विचारले की तो सांगू लागतो.

उन्हाळ्यात शेण, पाला, गवत पसरून राब भाजतात. पावसाच्या तोंडावर तिथे बी पेरतात. आवण, म्हणजे भाताची रोपे, वाढते, तोवर खाचरात पाणी साठते. चिखलणी झाली की आवण काढून जुड्या बांधतात आणि लावणी करतात. मग कापणी, भारे, झोडणी. वर्षभराची ही हकिगत सांगताना मूल घटना ओळीने लावते आणि प्रत्येक घटनेसाठी नेमका शब्द शोधते. बालशिक्षणात ‘घटनाक्रम’ आणि ‘शब्दसंपत्ती’ असे दोन वेगळे रकाने असतात. मुलाच्या डोक्यात तसे रकाने नसतात. क्रम कळल्याशिवाय शब्द टिकत नाही आणि शब्द नसेल तर क्रम सांगता येत नाही.

‘मग’च्या पुढचे ‘म्हणून’

क्रम शिकवायचा म्हणजे चार चित्रे मुलापुढे टाकून ती ओळीने लावायला सांगायची, अशी आपली समजूत असते. चित्रे जरूर वापरावीत. पण ओळ बरोबर लागली तरी मुलाला गोष्ट कळली असे होत नाही. कधी ते नुसते चित्र ओळखून लावलेले असते. खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते: ‘लावणीच्या आधी चिखलणी का करायची रे?’ ‘माती कडक असली तर रोप रुतणार कसं?’ असे उत्तर आले की समजावे, क्रमामागचे कारण त्याला दिसले.

‘उंदराची टोपी’ ही आपल्या घराघरांतली गोष्ट यासाठी फार मोलाची आहे. उंदराला कापड सापडते. ते धुऊन घ्यायला तो धोब्याकडे जातो, रंगवायला रंगाऱ्याकडे, शिवायला शिंप्याकडे, मग गोंडे लावून घेतो. यातली कुठलीही पायरी मनमानी नाही. टोपी शिवण्याआधी गोंडे लावायचे कशाला? हा प्रश्न विचारला की मुले हसतात, आणि हसताना कारण सांगून टाकतात. त्याच ओघात धुणे, पिळणे, वाळवणे, रंगवणे, बेतणे, शिवणे ही क्रियापदे त्यांच्या तोंडी येतात. शब्दांची यादी पाठ करून घेतल्याने हे साधत नाही.

तीन वर्षांचे मूल सगळी गोष्ट ‘मग... मग...’ करत सांगते. ते चूक नाही, ती पहिली पायरी आहे. पुढे ‘आधी’, ‘नंतर’, ‘धुतल्यावर’, ‘वाळेपर्यंत’, ‘तोवर’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ येऊ लागतात. हे जोडणारे शब्द मोठ्यांच्या बोलण्यातून झिरपतात. मूल म्हणाले, ‘धुतलं मग वाळलं’, तर त्याला टोकू नये. ‘हो, धुतल्यावर उन्हात वाळलं, म्हणून रंग नीट बसला,’ असे आपणच पुरे वाक्य बोलावे.

तीच गोष्ट पुन्हा

मूल रोज तीच गोष्ट मागते आणि मोठी माणसे कंटाळतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांपेक्षा तीच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकणारी मुले नवे शब्द अधिक शिकली. पुढे काय होणार हे ठाऊक झाले की मुलाचे लक्ष शब्दांकडे जाते. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या गटाचा १९८८ सालचा अभ्यासही इथे उपयोगी आहे. चित्रपुस्तक वाचताना ज्या पालकांनी मुलांना मोकळे प्रश्न विचारून बोलते केले, त्यांची मुले बोलण्यात पुढे गेली. म्हणजे गोष्ट तीच ठेवावी, पण सांगण्यातला मुलाचा वाटा रोज वाढवावा.

अंगणातले साहित्य

याला महाग साहित्य लागत नाही, हे महाराष्ट्राला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिले. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. तिथे दगड, बिया, पाने हेच साहित्य होते.

महाड-पोलादपूरच्या अंगणवाडीत हेच करता येते. बी, आवणाची काडी, भाताची लोंबी आणि तांदूळ एवढ्या वस्तू मुलांपुढे ठेवाव्यात. आधी तीनच वस्तूंचा क्रम लावावा, तो जमला की चारांचा. मधली एक वस्तू लपवून ‘इथे काय झालं असेल?’ विचारावे. मग प्रत्येकाने एकेक काम अंगाने करून दाखवावे: कुणी पेरणारा, कुणी झोडणारा. शेवटी एखाद्याने सगळी हकिगत आपल्या शब्दांत सांगावी.

‘आपल्या शब्दांत’ यावर माझा भर आहे. या भागात कातकरी वाड्या आहेत. तिथल्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते. मुलाने घरचा शब्द वापरला तर सेविकेने तो आधी स्वीकारावा, मग शाळेतला शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. घरचा शब्द खोडला तर मूल गप्प होते, आणि गप्प मुलाला क्रम शिकवता येत नाही.

हे सगळे पहिलीच्या तयारीपुरते नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये पुराचे पाणी घुसले, तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. असे काही सोसलेल्या मुलाला कधी ना कधी ‘काय झालं होतं?’ याचे उत्तर द्यावे लागते. रोजच्या आयुष्यातही पोटात कधीपासून दुखते, वाटेत कोण भेटले, भांडण कशावरून झाले, हे ज्याला ओळीने सांगता येते त्याला वेळेवर मदत मिळते. म्हणून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून आजी-आजोबांनी, आई-बाबांनी मुलाला ‘आज आधी काय झालं?’ विचारावे, आणि ते अडखळले तरी वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे.