लेकरू तोंड उघडं ठेवून झोपतंय, घोरतंय? हे गाढ झोपेचं लक्षण नाही. पालकांनो, वेळीच तपासून घ्या

परभणी : "लेकरू दिवसभर खेळून दमलंय, म्हणून घोरतंय." घरोघरी हेच ऐकायला मिळतं. पण सर्दी नसताना लेकरू रोजच घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर त्याची झोप गाढ नसते, अर्धवट होत असते.

नाक का बंद होतं?

नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या बाजूला ॲडेनॉइड नावाची एक गाठ असते. ती प्रत्येक लेकराला असते. साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात ती मोठी असते आणि पुढं आपोआप लहान होत जाते. काही लेकरांमध्ये ती किंवा टॉन्सिल जास्त वाढून श्वासाची वाट अडते. धुळीची ॲलर्जी हे दुसरं कारण. सोयाबीनची मळणी, घरात भरून ठेवलेला कापूस, चुलीचा धूर यामुळंही नाक चोंदतं.

ही लक्षणं बघा

- रोज घोरणं, उशीवर लाळ सांडणं
- झोपेत श्वास थांबून दचकून उठणं
- पाच वर्षांनंतरही अंथरूण ओलं करणं
- सकाळी तोंड कोरडं, डोकं दुखणं
- शाळेत लक्ष न लागणं, चिडचिड, पेंगणं

शेवटच्या लक्षणामुळं "पोरगं ढ आहे" म्हणून लेकरू मार खातं. खरं तर त्याची झोपच पुरी झालेली नसते.

दातांचा काय संबंध?

तोंड बंद असलं की जीभ टाळूला टेकून राहते आणि वरच्या जबड्याला रुंदी मिळते. तोंड सतत उघडं राहिलं तर जीभ खाली पडते. मग जबडा अरुंद होतो, टाळू खोल जातो, दात पुढं येतात. अंगठा चोखण्यानंही असंच होतं. रोप कोवळं असतानाच काठीला बांधावं लागतं, तसंच जबड्याचं आहे. म्हणून सात वर्षांपर्यंत एकदा दात-जबड्याची तपासणी करावी, असं तज्ज्ञ सांगतात. याचा अर्थ लगेच तारा बसवायच्या असा नाही. बऱ्याच लेकरांना फक्त लक्ष ठेवलं तरी पुरतं.

आधी कोणाकडं जायचं?

आधी बालरोग किंवा कान-नाक-घसा डॉक्टरकडं, मग दाताच्या डॉक्टरकडं. नाक बंदच ठेवून नुसता दातांवर खर्च केला तर मूळ दुखणं तसंच राहतं. जबडा रुंद करायचं उपकरण जबडा अरुंद असेल तरच लावतात. ते घोरण्यावरचं सरसकट औषध नाही. ॲलर्जी असेल तर बऱ्याचदा औषधानं भागतं, ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही.

रात्री लेकरू झोपलं की मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. त्याचा मोठा उपयोग होतो. तोंडाला चिकटपट्टी लावायचा प्रकार मात्र अजिबात करू नका, नाक बंद असताना ते जिवावर बेतू शकतं.

मोफत तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि घोरण्याचं आवर्जून सांगा. पथक पुढं ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतं. दात-जबड्याच्या पुढच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

झोपेत श्वास थांबत असेल, तर मात्र पथकाची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.