जुन्या गाडीचं इंजिन बांधायचं का? आधी तपासा, मग खोला



शेडात वर्ष-दोन वर्षं उभी असलेली जुनी जीप, बोलेरो किंवा मारुती हंगामाआधी चालू करावी असं अनेकांना वाटतं. खाली ऑइलचा डाग दिसला की कुणीतरी म्हणतं, "इंजिनच बांधावं लागणार." थांबा. ऑइल गळणं वेगळं आणि इंजिन झिजणं वेगळं. गळती बऱ्याचदा पॅकिंग आणि ऑइल सीलवर भागते. झिजलेल्या इंजिनाला बोअर, पिस्टन, रिंग, बेअरिंग असं मोठं काम लागतं.

*१) लगेच स्टार्टर मारू नका*
ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, गाडी चालू करूच नका. ऑइल ठीक असेल तर ऑइल-फिल्टर बदला, टाकीतलं जुनं डिझेल-पेट्रोल काढा, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघा. गाडी न्यूट्रलला ठेवून पान्याने इंजिन फिरतंय का तेही बघा.

*२) गळतीचं मूळ शोधा*
इंजिन धुऊन कोरडं करा, १५-२० मिनिटं चालवा आणि वरून खाली बघत या. ऑइल वरून ओघळतं, म्हणून डाग चेंबरखाली असला तरी गळती टॅपेट कव्हरची असू शकते. इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून ठिबकत असेल तर मागचा क्रँक सील असू शकतो. सील स्वस्त असतो, पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी धरा.

*३) झीज किती, ते बघा*
• इंजिन गरम झाल्यावर स्लोवर ऑइलचं झाकण उघडा. दाबाने धूर येत असेल तर रिंग झिजल्याची शंका घ्या. अशा इंजिनाला नुसते नवे सील टाकले तर आतला दाब ऑइल पुन्हा बाहेर ढकलतो. पैसे वाया.
• निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे बघा. डिझेल गाडीचा काळा धूर बहुधा पंप, नोझल किंवा एअर फिल्टरचा.
• मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. एकाच सिलिंडरचं कमी असेल तर हेडच्या कामावर भागू शकतं. सगळ्यांचंच कमी असेल तर बोअर-रिंगचं काम धरा.

*४) कागद आणि सांगाडा*
खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आपल्या एमएच-४२ गाड्यांसाठी बारामतीचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. चासी गंजली असेल तर नवं इंजिन काय कामाचं? जुनं तयार इंजिन बसवणार असाल तर त्याचे कागद घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या.

*५) हिशेब कागदावर मांडा*
इंजिनकाम + टायर-बॅटरी-ब्रेक + कागदपत्रं = एकूण खर्च. तेवढ्याच पैशात बाजारात चालू अवस्थेतली तशीच गाडी मिळते का, ते विचारा. इंजिन खोलल्यावर खर्च वाढतो, म्हणून थोडी रक्कम हाताशी जास्त ठेवा. अंदाजपत्रक दोन ठिकाणांहून लेखी घ्या.

*थोडक्यात:*
✔ कॉम्प्रेशन चांगलं, फक्त गळती: सील-पॅकिंग करा, गाडी वापरा.
✔ झीज आहे, पण चासी आणि कागद चांगले, हिशेब बसतो: इंजिन बांधा.
✘ झीज, गंज, कागद संपलेले: विका किंवा अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या, आणि नोंदणी रद्द करून घ्या.

*जाता जाता:* रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका. आपल्याकडच्या क्षारांनी ठिबकच्या नळ्या तुंबतात, तसाच रेडिएटरही तुंबतो आणि बांधलेलं इंजिन तापून पुन्हा जातं. कूलंटच वापरा.

हा मेसेज गटातल्या इतर सभासदांनाही पाठवा.
– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, बारामती-इंदापूर