बंद फ्रीजमधला पावसाळा

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शेजारचे काका-काकू पाच महिने न्यू जर्सीला मुलाकडे राहून पुण्याला परतले. जाताना त्यांनी सगळं शिस्तीत केलं होतं. गॅसचा रेग्युलेटर बंद, पाण्याचे कॉक बंद, मेन स्विच खाली आणि फ्रीजचं दार घट्ट लावलेलं. परतल्यावर काकूंनी ते दार उघडलं आणि दोन मिनिटांत आमची बेल वाजली. "अरे, तू विज्ञानाचं लिहितोस ना? मग ये आणि सांग याचं काय करायचं ते."

फ्रीज रिकामा केलाय अशी त्यांची खात्री होती. पण भाजीच्या ट्रेमध्ये अर्धं लिंबू राहिलं होतं. त्याच्यावर हिरवट-निळी मखमल चढली होती आणि मखमलीला पांढरी किनार होती. फ्रीझरच्या तळाशी सुरमईच्या दोन तुकड्यांची पिशवी होती. आणि दाराच्या रबराच्या घडीत मोहरीएवढे काळे ठिपके, ओळीनं. मोबाइलचा दिवा जवळ धरून पाहिलं तेव्हा कळलं, की हा एकेक ठिपका म्हणजे मध्यभागी दाट आणि कडेला विरळ होत गेलेली एकेक वसाहत आहे. बर्फ वितळून पाणी जिथे साचलं होतं, नेमकी त्याच रेषेवर ती वसली होती.

काकूंचा प्रश्न साधा होता. दार बंद, घर बंद, मग हे आलं कुठून? ते बाहेरून आलंच नाही, आतच होतं. बुरशीचे बीजाणू आपल्या प्रत्येक श्वासात असतात, कोथिंबिरीच्या प्रत्येक जुडीवर असतात. चार अंश तापमानात बहुतेकांची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत. क्लॅडोस्पोरियम आणि पेनिसिलियम या कुळांतल्या काही बुरशी तर त्या थंडीतही हळूहळू वाढत राहतात. रबरावरचे काळे ठिपके बहुधा पहिलीचे आणि लिंबावरची मखमल दुसरीची. मेन स्विच खाली गेला, फ्रीझरमधला बर्फ वितळला, तापमान खोलीइतकं झालं आणि चुंबकाच्या दारानं ती सगळी वाफ आत कोंडून धरली. अंधार, ओल, पंचवीस-तीस अंशांची ऊब आणि वारा शून्य. बाहेर एप्रिल-मे तापत होते तेव्हा त्या कपाटात श्रावण चालू होता.

दार इतकं घट्ट का बसतं, याची एक दुःखद गोष्ट आहे. जुन्या फ्रीजना बाहेरून खटका असे आणि टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपलेली मुलं आत अडकून गुदमरत. अमेरिकेनं 1956 साली कायदा केला, की दार आतून ढकलून उघडता आलंच पाहिजे. खटका गेला आणि रबरात चुंबकाची पट्टी आली. ढकललं तर उघडतं, नाहीतर घट्ट मिटलेलं राहतं.

आता वासाकडे वळू. वासांना आपल्या भाषेत किती नेमकी नावं आहेत! आंबूस म्हणजे आम्लं: दूध-दह्यातून, शिळ्या भातातून जिवाणूंनी बनवलेलं अ‍ॅसेटिक आम्ल, ब्युटिरिक आम्ल. खवट म्हणजे तेला-तुपाचा हवेशी संयोग होऊन तयार झालेली आल्डिहाइडं. मासळीचा वास म्हणजे अमाइनं, म्हणजेच आम्लारी. आणि कुबट म्हणजे बुरशी. रसायनशास्त्राचं एक पानही न उलटता आपल्या आज्यांनी ही वर्गवारी नाकानं करून ठेवली आहे. साफसफाईची गुरुकिल्लीही तीच आहे, कारण प्रत्येक वासाचा उतारा वेगळा असतो.

सुरमईचंच बघा. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा एक पदार्थ असतो आणि त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ते ट्रायमिथाइलअमाइन, बाजारात दुरूनच ओळखू येणारं. नदीच्या माशांत मूळ पदार्थच अगदी कमी, म्हणून त्यांचा वास वेगळा. या आम्लारीवर आम्ल पडलं की क्षार तयार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. कोकणात माशाला कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळतात तेव्हा नेमकं हेच घडत असतं. म्हणजे फ्रीजमधल्या मासळीच्या वासाचा उतारा स्वयंपाकघरातच आहे: व्हिनेगर, नाहीतर लिंबाचा रस.

आणि खाण्याचा सोडा? एक वाटी सोडा फ्रीजमध्ये उघडा ठेवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याच्या लोकप्रियतेमागे प्रयोगशाळेपेक्षा जाहिरातीचा हात मोठा आहे. 1972 साली अमेरिकेत आर्म अँड हॅमरनं आपल्या सोड्याचा डबा उघडून फ्रीजमध्ये ठेवा, अशी जाहिरातमोहीम काढली आणि घरोघरच्या फ्रीजमध्ये तो डबा गेला. सोडा आंबूस वासाची आम्लं शोषतो, हे खरं. पण मासळीच्या अमाइनांपुढे तो जवळजवळ हतबल असतो, कारण दोघंही आम्लारी. शिवाय वाटीतल्या सोड्याचा हवेला लागतो तो फक्त वरचा थर, आणि ओलसर हवेत त्याचीही खपली धरते. तोच सोडा पाण्यात कालवून फडक्यानं घासला तर उत्तम काम करतो. नुसता ठेवायचा असेल तर सक्रिय कोळसा ठेवावा. त्याच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रं असतात, की आतलं पृष्ठफळ सुमारे हजार चौरस मीटर भरतं, म्हणजे डझनभर बॅडमिंटन कोर्टांएवढं. मत्स्यालयाच्या दुकानात तो सहज मिळतो.

कुबट वासात एक गंमत दडलेली आहे. पहिल्या पावसानंतर मातीतून येणारा जो गंध आपल्याला वेड लावतो, त्यातला मुख्य रेणू जिओस्मिन. 1965 साली तो जिवाणूंपासून वेगळा करण्यात आला. सफरचंद सडवणारी पेनिसिलियम एक्सपान्सम ही बुरशीही तोच रेणू बनवते. माणसाचं नाक जिओस्मिनच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे, अब्जांशाच्याही कितीतरी लहान भागाएवढा तो हवेत असला तरी आपल्याला जाणवतो. अंगणात आला की मृद्गंध आणि फ्रीजमध्ये आला की मातकट, कुबट. रेणू तोच असतो.

हे सगळं लिहिताना ज्या बाईंची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, त्यांचं नाव आपल्याकडे क्वचितच कानावर पडतं: मेरी एंगल पेनिंग्टन. जन्म 1872. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी 1892 साली रसायनशास्त्राचा बी.एस.चा पूर्ण अभ्यासक्रम संपवला, पण त्या बाई म्हणून विद्यापीठानं पदवी नाकारली आणि प्रावीण्याचं प्रमाणपत्र हातावर ठेवलं. तीन वर्षांनी त्याच विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली! पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नोकरीसाठी त्यांनी परीक्षा दिली ती एम. ई. पेनिंग्टन या नावानं, म्हणजे कागद तपासणाऱ्याला बाई की पुरुष ते कळू नये. 1908 साली त्या खात्याच्या अन्न संशोधन प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या.

त्या काळी मांस, अंडी, कोंबड्या बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून शेकडो मैल जात आणि पोचेपर्यंत बराचसा माल खराब होई. पेनिंग्टनबाई त्या गाड्यांमधून स्वतः प्रवास करत, डब्यात ठिकठिकाणी तापमान मोजत. नुसता गारवा पुरेसा नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. हवा फार कोरडी असेल तर माल सुकून जातो, फार ओली असेल तर त्यावर बुरशी चढते. तापमानाइतकंच आर्द्रतेवरही नियंत्रण हवं आणि डब्यात हवा खेळती हवी. शीतगृहं आणि शीतडबे कसे बांधावेत, याचे दंडक त्यांच्या मोजमापांतून तयार झाले. 1920 च्या दशकात त्यांनी घरच्या बर्फाच्या कपाटात अन्न कसं ठेवावं यावर गृहिणींसाठी पुस्तिका लिहिल्या. आज आपल्या भाजीच्या ट्रेवर आर्द्रता कमी-जास्त करायची जी सरकपट्टी असते, ती पाहिली की मला त्याच आठवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांना स्थान मिळालं ते 2018 साली, निधनानंतर 66 वर्षांनी. शीतकपाटाच्या इतिहासात कंप्रेसर बनवणाऱ्यांची नावं ठळक येतात. अन्न त्या गारव्यात टिकतं कसं, हे शोधणाऱ्या बाई तळटिपेत राहतात, आणि हा अन्याय आहे.

काकूंचा फ्रीज आम्ही पेनिंग्टनबाईंच्या रीतीनं साफ केला, म्हणजे आधी ओलीचा बंदोबस्त. नाकाला मास्क, हातात मोजे, खिडक्या सताड उघड्या. बुरशी कोरडी झटकायची नाही, बीजाणू घरभर उडतात. ती ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची. सगळे ट्रे साबणाच्या कोमट पाण्यात. मग आत सोड्याचं फडकं, ते पुसून झाल्यावर वेगळं व्हिनेगरचं. दोन्ही एकत्र कालवले तर फेस छान येतो, पण दोघंही एकमेकांना संपवतात आणि हाती जवळजवळ नुसतं पाणी उरतं. ब्लीच वापरायचं असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या जवळपासही न्यायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रबराच्या घड्या कापसाच्या काडीनं एकेक करून. ठिपके फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. ते मेलॅनिन आहे, आपल्या केसांत असतं तसंच एक काळं रंगद्रव्य. बुरशी मेली तरी त्याचा डाग मागे राहतो, म्हणून तो घासत बसून रबराला चरे पाडू नयेत.

एवढं करूनही वास येत होता. मागच्या बाजूला, कंप्रेसरच्या वर, एक उथळ ताटली असते. बर्फ वितळल्याचं पाणी नळीतून तिथे येतं आणि कंप्रेसरच्या उष्णतेनं सुकतं. फ्रीज बंद, म्हणजे कंप्रेसर थंड, आणि पाणी तसंच. सुरमईचा वितळलेला रस तिथेच येऊन थांबला होता! ती धुतली आणि निम्मा वास गेला. उरलेला प्लॅस्टिकच्या अस्तरात मुरलेला होता. तो आत शिरायला जसे दिवस लागतात तसे बाहेर पडायलाही लागतात. दार उघडं, समोर पंखा आणि आत कोळशाची वाटी, असे नऊ दिवस गेले.

प्रत्येक फ्रीज वाचतोच असं नाही. 2005 च्या ऑगस्टअखेर कतरीना वादळानंतर न्यू ऑर्लीन्समधली घरं कित्येक आठवडे विजेविना बंद राहिली. परतलेल्या लोकांनी फ्रीज उघडलेसुद्धा नाहीत. दारांना चिकटपट्ट्या गुंडाळून ते थेट रस्त्याच्या कडेला आणून ठेवले, गल्लीच्या गल्ली फ्रीजच्या रांगा. कुजलेल्या मांसाचा रस भिंतींमधल्या फोमपर्यंत पोचला, की तिथे कुठलंच फडकं पोचत नाही.

यंदा दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात बरेच दिवस घर बंद ठेवणार असाल तर निघण्याच्या आदल्या रात्री फ्रीज बंद करा, बर्फ वितळू द्या, मागची ताटली ओता, आतून कोरड्या फडक्यानं पुसा. आणि जाताना दारात टॉवेलची जाड घडी अडकवा, म्हणजे दार मिटणार नाही.