मूल घोरते, मूल ऐकत नाही : पालकांनी काय ओळखावे?

लहान मूल घोरू लागले की घरातील मंडळी कौतुकाने हसतात. 'आजोबांवर गेला आहे', 'दमून गाढ झोपला आहे', असे म्हणतात. दिवसा मात्र तेच मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, तोंड उघडे ठेवून बसते, वर्गात पेंगते. मग कौतुक संपते आणि 'मठ्ठ', 'आळशी', 'द्वाड' अशी विशेषणे त्याला चिकटतात. रात्रीचे घोरणे आणि दिवसाचे हे वागणे यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, याची कल्पना फार थोड्या पालकांना असते. तो संबंध समजावून सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

नाक, कान व घसा यांचे नाते

ही तीन वेगळी इंद्रिये दिसत असली तरी आतून ती जोडलेली आहेत. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूस ॲडिनॉइड नावाची मऊ गाठ असते. घशाच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात. रोगजंतूंशी लढण्याच्या कामात या गाठींचा वाटा असतो. साधारण ३ ते ७ वर्षांच्या वयात त्या घशाच्या मानाने बऱ्याच मोठ्या असतात आणि मूल वयात येताना बहुधा आपोआप लहान होतात. कानाच्या पडद्यामागील पोकळीतून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. मुलांमध्ये ही नळी आखूड व जवळजवळ आडवी असते. म्हणून साध्या सर्दीनंतरही मुलांचे कान लवकर बिघडतात.

ॲडिनॉइड फार वाढली की दोन गोष्टी घडतात. एक, नाकाने श्वास घेण्याची वाट अडते. दुसरी, कानाच्या नळीचे काम बिघडून पडद्यामागे चिकट पाणी साठू शकते.

झोपेत काय बिघडते?

जागेपणी घशाचे स्नायू ताठ राहून हवेची वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. वाट आधीच अरुंद असेल तर हवा थरथरत जाते, तेच घोरणे. काही मुलांमध्ये वाट क्षणभर पूर्ण बंद होते. छाती हलते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू सावध होतो, मूल दचकते, कूस बदलते आणि पुन्हा श्वास सुरू होतो. रात्रभर हे चालू राहिले तरी सकाळी मुलाला काहीच आठवत नाही. सर्दीत चार दिवस घोरणे ही चिंतेची बाब नव्हे. सर्दी नसताना आठवड्यातील बहुतेक रात्री घोरणाऱ्या मुलाची मात्र तपासणी झालीच पाहिजे. झोपेत श्वास अडण्याचा हा विकार १०० मुलांत १ ते ५ जणांना असतो, असा अंदाज आहे.

झोप मोडलेला मोठा माणूस दिवसा पेंगतो. मूल पेंगतेच असे नाही. ते चिडचिडे व चंचल होते, एका जागी बसत नाही. काही मुले मोठी झाल्यावरही अंथरूण ओले करतात, काहींची वाढ खुंटते. विकार तीव्र असून वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिला तर हृदयावरही ताण येतो.

कानात साठलेल्या पाण्याचे दुखणे आणखी फसवे आहे. बहुधा ताप नसतो, ठणका नसतो. मूल जणू कानात बोटे घातल्यासारखे ऐकते. जवळचे मोठे बोलणे कळते, पण मागच्या बाकावर गुरुजींचे अर्धे शब्द पोहोचत नाहीत. आपल्याला कमी ऐकू येते हे त्या मुलाला स्वतःलाही ठाऊक नसते.

वैद्यकशास्त्राला हे कधी कळले?

कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरांनी १८६८ मध्ये ॲडिनॉइडच्या वाढीचे व त्यामुळे येणाऱ्या बहिरेपणाचे वर्णन केले. १८८९ मध्ये विल्यम हिल यांनी इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखाचा विषयच मुलांच्या मागे पडण्याची व 'मठ्ठपणा'ची कारणे हा होता. १९७६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ८ मुलांच्या झोपेची नोंद घेऊन श्वास अडण्याचा हा विकार मांडला गेला.

१९९८ मध्ये डेव्हिड गोझाल यांनी अमेरिकेतील पहिल्या इयत्तेच्या, अभ्यासात सर्वांत मागे असलेल्या २९७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५४ मुलांच्या झोपेतील श्वासात दोष आढळला. ज्या २४ मुलांवर शस्त्रक्रिया झाली त्यांची पुढील वर्षीची प्रगती सुधारली; ज्यांच्यावर उपचार झाले नाहीत त्यांची सुधारली नाही. मात्र २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४६४ मुलांच्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेने झोप, वागणूक व एकंदर स्वास्थ्य सुधारले, तरी एकाग्रतेच्या परीक्षेत ठळक फरक दिसला नाही. शस्त्रक्रिया म्हणजे बुद्धी वाढविण्याचा उपाय नव्हे, मुलाच्या वाटेतील धोंडा बाजूला करण्याचा तो एक मार्ग आहे, एवढाच याचा अर्थ.

निदान कसे करतात?

निदानाची सुरुवात घरातच होते. मूल झोपल्यावर दिवा मंद ठेवून थोडा वेळ पाहावे. तोंड उघडे आहे काय, श्वास थांबून मग जोराने येतो काय, मान मागे टाकून झोपते काय, खूप घाम येतो काय? मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टर नाक, घसा व कानाचे पडदे पाहतात. गरजेनुसार दुर्बिणीने किंवा क्ष-किरण चित्राने ॲडिनॉइड पाहतात आणि श्रवणचाचणी घेतात. टॉन्सिलच्या केवळ आकारावरून विकाराची तीव्रता कळत नाही. शंका राहिल्यास एक रात्र रुग्णालयात ठेवून झोपेतील श्वास, प्राणवायू व मेंदूच्या लहरींची नोंद घेतात.

उपचार

प्रत्येक मुलाला शस्त्रक्रिया लागत नाही. सौम्य विकारात ॲलर्जीवर इलाज, नाकात मारण्याचा औषधी फवारा आणि काही महिने देखरेख एवढे पुरते. वजन जास्त असल्यास ते आटोक्यात आणावे लागते. कानातील पाणी पुष्कळदा आपोआप ओसरते, म्हणून साधारण ३ महिने वाट पाहतात. तरीही दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर पडद्यात ग्रॉमेट ही सूक्ष्म नळी बसवतात. श्वास स्पष्टपणे अडत असेल तर टॉन्सिल व ॲडिनॉइड काढणे हा मुख्य उपाय. त्यानंतर पहिल्या दिवशी आणि ५ ते १० दिवसांच्या सुमारास रक्तस्रावाचा धोका असतो. तोंडातून ताजे रक्त आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. कोडीन असलेले खोकल्याचे वा वेदनेचे औषध अशा मुलांना देऊ नये. त्याने श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर व २०१७ मध्ये १२ वर्षांखालील सर्वच मुलांसाठी ते वर्ज्य ठरविले.

हे अवश्य करावे

कानात तेल, काडी, पिन घालू नये. घरात विडी-सिगारेट व चुलीचा धूर टाळावा. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकले आहे असे समजावे. घड्याळातील चपटा सेल नाकात, कानात वा पोटात गेला तर एक तासही दवडू नये.

पैशांअभावी तपासणी लांबवू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी होते. ऐकू कमी येणे व कानाचे विकार त्यात समाविष्ट आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण व वाचेच्या दोषांवर काम करीत आहे.

आपल्या वस्तीतील अभ्यासिकांत शिकविणाऱ्या तरुणांना व विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. 'काय? काय?' असे पुन्हा पुन्हा विचारणारे, सदैव तोंड उघडे असणारे, डुलक्या घेणारे मूल दिसले तर त्याला बाके बदलण्याची शिक्षा देऊ नका. त्याच्या आईला एकच प्रश्न विचारा : 'ताई, हा रात्री घोरतो का?' घरची पहिली पिढी शिकत असताना अशा एका मुलाचे एक वर्षही वाया जाणे आपल्याला परवडणारे नाही. ते वाचविण्याची सुरुवात या एका प्रश्नातून होऊ शकते.